पल्स लेसरसाठी फायबर कसा निवडायचा: पहिल्यांदा ॲम्प्लिफायर बांधणाऱ्यांसाठी

लॅबमध्ये किंवा कंपनीत नव्याने आलेल्यांच्या हाती पल्स फायबर लेसरचं काम आलं की पहिला प्रश्न बहुतेक एकच असतो: "किती वॉटचा फायबर मागवू?" सलग चालणाऱ्या लेसरसाठी हा प्रश्न ठीक आहे. पल्स लेसरला मात्र वॉट विचारून काहीच कळत नाही. ज्या फायबरमधून शेकडो वॉटचा सलग लेसर निमूट जातो, त्याच फायबरचं तोंड २५ वॉटचा पल्स लेसर एका क्षणात उडवू शकतो. इथे निर्णय पीक पॉवर, पल्सची ऊर्जा आणि फायबरची लांबी या तिघांवर होतो. त्यातही लांबीकडे सगळ्यांत जास्त दुर्लक्ष होतं, म्हणून या लेखात मी तिच्यावर जास्त वेळ घेणार आहे.

सोबत एकच उदाहरण शेवटपर्यंत चालवतो: इटर्बियम फायबरचा ॲम्प्लिफायर, तरंगलांबी १०६४ नॅनोमीटर, पल्स ५ नॅनोसेकंदांची, ऊर्जा अर्धा मिलीज्यूल, सेकंदाला ५० हजार पल्स. मार्किंग, पातळ पत्र्यावरचं काम, लिडार यांच्या आसपासचं हे लक्ष्य आहे. तुमचे आकडे वेगळे असतील, पण हिशोबाची रीत हीच.

१. आधी चार आकडे कागदावर लिहा

पल्सची ऊर्जा भागिले पल्सची रुंदी म्हणजे पीक पॉवर. आपल्या उदाहरणात १०० किलोवॉट. ऊर्जा गुणिले सेकंदाला पल्स म्हणजे सरासरी पॉवर, २५ वॉट. या दोन आकड्यांखाली आणखी दोन लिहा: शेवटच्या टप्प्यात किती पट वाढ हवी (आपण १०० पट म्हणजे २० डीबी धरू, म्हणजे आत येणारी पल्स ५ मायक्रोज्यूलची), आणि सीड लेसरच्या (ज्याची लहान पल्स ॲम्प्लिफायर मोठी करतो त्या सुरुवातीच्या लेसरच्या) स्पेक्ट्रमची रुंदी किती. हा चौथा आकडा बहुतेक जण लिहीतच नाहीत. पुढे तोच आडवा येतो.

एक जपून: ५ नॅनोसेकंद ही रुंदी सीडची की बाहेर पडणाऱ्या पल्सची, हे स्पष्ट लिहा. दोन्ही सारख्या नसतात. कारण पाचव्या पायरीत येईल.

२. कोअरचा आकार

बाजारात इटर्बियमचे दुहेरी क्लॅडिंगवाले फायबर कोअर/क्लॅडिंग (मधला गाभा/त्याभोवतीचा थर) यांच्या व्यासांच्या जोडीने ओळखले जातात: १०/१२५, २०/१२५, २५/२५०, ३०/२५०, २०/४००. आकडे मायक्रॉनमध्ये. कोअर मोठा तेवढी प्रकाशाची गर्दी कमी, म्हणून नवा माणूस लगेच मोठ्यात मोठ्या कोअरकडे धावतो.

तिथे व्ही नंबर थांबवतो. कोअरचा व्यास गुणिले पाय (π) गुणिले एनए (न्यूमरिकल ॲपर्चर, फायबर किती तिरपा प्रकाश धरून ठेवतो त्याचं माप), भागिले तरंगलांबी. उत्तर २.४०५ च्या खाली असेल तर फायबरमधून एकच मोड (प्रकाशाच्या वाटणीचा एकच ठरलेला नमुना) जातो आणि बीम स्वच्छ राहतो. १० मायक्रॉन आणि ०.०८ एनएला उत्तर २.३६ येतं, म्हणजे काठावर पास. २० मायक्रॉन आणि ०.०६ ला ३.५, म्हणजे मुख्य मोडसोबत आणखी एक. ३० मायक्रॉनला ५.३, आणि आत मुख्य मोड धरून पाच मोडगट मावतात.

एनए आणखी खाली आणावा असं वाटेल. साध्या काचेच्या फायबरमध्ये ०.०६ च्या फार खाली तो नीट सांभाळता येत नाही, शिवाय फायबर जरा वाकवला तरी प्रकाश गळायला लागतो. म्हणून २० ते ३० मायक्रॉनच्या फायबरमध्ये थोडे जास्तीचे मोड स्वीकारायचे आणि फायबर गुंडाळून त्यांना गाळायचं, अशी पद्धत रूढ झाली. कॉप्लो, क्लायनर आणि गोल्डबर्ग यांनी २००० साली ही युक्ती दाखवली: वळणावर वरचे मोड जास्त गळतात, मुख्य मोड कमी. आजही बहुसंख्य यंत्रं याच युक्तीवर चालतात.

३. लांबी: खरा निर्णय इथे होतो

काचेत तीव्र प्रकाश लांबवर गेला की रामन विकिरण स्वतःच जोर धरतं. १०६४ नॅनोमीटरची ऊर्जा सरकून साधारण १११६ नॅनोमीटरला जाते. ते एकदा सुरू झालं की पंप (फायबरला ऊर्जा पुरवणारा डायोडचा प्रकाश) कितीही वाढवा, वाढलेली पॉवर भलत्याच रंगात बाहेर पडते.

मर्यादेचा ढोबळ हिशोब असा: १६ गुणिले मोडचं क्षेत्रफळ, भागिले (रामन गेन, म्हणजे रामनने होणारी वाढ, गुणिले परिणामी लांबी). १ मायक्रॉनच्या आसपास काचेचा रामन गेन दर वॉटला साधारण १०चा उणे १३वा घात मीटर एवढा धरतात. परिणामी लांबी म्हणजे प्रत्यक्ष लांबी नव्हे. ॲम्प्लिफायरमध्ये पल्स शेवटी शेवटीच मोठी होते, त्यामुळे २० डीबी गेनला प्रत्यक्ष लांबीला साधारण ४.६ ने भागायचं.

१०/१२५ घेऊन बघा. मोडचं क्षेत्रफळ सुमारे ९५ चौरस मायक्रॉन, पंप शोषायला ३ मीटर, परिणामी लांबी ०.६५ मीटर. मर्यादा निघते २३ किलोवॉट. आपल्याला हवेत १००. हा फायबर बाद.

३०/२५० घ्या. मोडचं क्षेत्रफळ सुमारे ४३० चौरस मायक्रॉन, लांबी २ मीटर, परिणामी ०.४३ मीटर. मर्यादा १६० किलोवॉट. जमलं.

आता याच यंत्राला आउटपुट सोयीने नेता यावा म्हणून १ मीटर साधा, न डोप केलेला (कोअरमध्ये इटर्बियम नसलेला) ३०/२५० जोडा. या शेपटीत गेन नाही, म्हणजे पूर्ण १०० किलोवॉट पूर्ण मीटरभर धावतात. परिणामी लांबी ०.४३ वरून १.४३ होते आणि मर्यादा १६० वरून ४८ किलोवॉटवर कोसळते. कोअर तोच, पंप तोच, स्प्लाइस (दोन फायबर वितळवून केलेला जोड) उत्तम, आणि तरीही लेसर अर्ध्या पॉवरलाच १११६ वर सांडायला लागतो. नवी मंडळी मग स्प्लाइस उकलत बसतात, सीड बदलतात, पंप डायोडवर संशय घेतात.

म्हणून नियम करून टाका: शेवटच्या टप्प्यानंतरची शेपटी सेंटिमीटरमध्ये मोजायची. पंप कंबायनर (डायोडचा पंप फायबरमध्ये शिरवणारा भाग) शक्यतो इनपुटच्या बाजूला ठेवा, किंवा उलट दिशेने पंप करायचा असेल तर कंबायनरला जोडून येणारा फायबर कापून कमी करा. लेसर लांब न्यायचाच असेल तर एंडकॅपमधून (फायबरच्या टोकाला जोडलेल्या काचेच्या तुकड्यातून, सहावी पायरी बघा) मोकळ्या हवेत काढा. पोकळ कोअरच्या फायबरचाही पर्याय आहे. त्यात प्रकाशाचा बहुतेक भाग काचेत नसतोच, त्यामुळे रामन जवळपास नाहीसा होतो.

फायबर आखूड करायचा तर पंप कमी लांबीत शोषला गेला पाहिजे. त्यासाठी दोन रस्ते आहेत. एक, कोअर आणि क्लॅडिंगच्या क्षेत्रफळांचं गुणोत्तर मोठं असलेला फायबर घेणे. त्यामुळेच पल्सच्या कामात ३०/२५० हा २०/४०० पेक्षा जवळचा वाटतो. दुसरा, ९१५ ऐवजी ९७६ नॅनोमीटरने पंप करणे. ९७६ ला शोषण सुमारे तिप्पट असतं, पण ते शिखर अरुंद आहे. साध्या डायोडची तरंगलांबी दर अंशाला साधारण ०.३ नॅनोमीटर सरकते, तेव्हा तरंगलांबी बांधलेले डायोड घ्या. पैसे वसूल होतात.

४. सीडची रुंदी आणि ब्रिलवाँ

रामन पुढे जाऊन नुकसान करतो, ब्रिलवाँ विकिरण मागे येऊन. या ब्रिलवाँ विकिरणाची (एसबीएस) मर्यादा रामनच्या मानाने फारच खाली असते: अरुंद स्पेक्ट्रमच्या सलग प्रकाशाला आपल्या ३०/२५० मध्ये ती ४०० वॉटच्या आसपास निघते. किलोवॉट नव्हे, वॉट. पल्स आखूड असेल तर थोडी सूट मिळते, कारण काचेतली ध्वनिलहर तयार व्हायला काही नॅनोसेकंद लागतात. पण ५ नॅनोसेकंदांची पल्स या सवलतीच्या उंबरठ्यावरच आहे. फायबरमध्ये ती मीटरभर लांब असते.

बचाव सोपा आहे: सीडचा स्पेक्ट्रम रुंद ठेवा. ०.१ नॅनोमीटर म्हणजे या तरंगलांबीला सुमारे २६ गिगाहर्ट्झ. ब्रिलवाँची स्वतःची रुंदी काही दहा मेगाहर्ट्झ. या गुणोत्तराच्या पटीत मर्यादा वर जाते आणि १०० किलोवॉटच्या पलीकडे पोचते. मोजण्याच्या कामासाठी कुणी तुमच्याकडून अतिअरुंद रेषेचा पल्स लेसर मागितला, तर हा हिशोब आधी त्यांच्यापुढे ठेवा आणि मगच पीक पॉवर कबूल करा. एसबीएसची मागे येणारी पल्स सीड आणि आधीचे टप्पे जाळते, म्हणून प्रत्येक दोन टप्प्यांमध्ये आयसोलेटर (प्रकाश एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) लागतोच.

५. साठलेली ऊर्जा आणि पल्सचा बदलणारा चेहरा

फायबर किती ऊर्जा देऊ शकतो हे त्याच्या संपृक्तता ऊर्जेवरून (जेवढी काढली की गेन ठळकपणे घटतो ती ऊर्जा) कळतं. १०६४ ला ३० मायक्रॉनच्या कोअरसाठी ती सुमारे ०.४४ मिलीज्यूल, १० मायक्रॉनसाठी जेमतेम ०.०५. आपल्याला ०.५ हवी, म्हणजे ३० मायक्रॉन इथेही बसतो.

पण काढलेली ऊर्जा संपृक्ततेच्या एवढ्या जवळ गेली की पल्सच्या पुढच्या कडेला भरपूर गेन मिळतो आणि शेपटीला उरलासुरला. आपल्या आकड्यांना पुढच्या कडेचा गेन शेपटीच्या तिप्पट येतो. सीडची चौकोनी पल्स बाहेर येताना पुढे उंच आणि मागे उतरती होते. ऊर्जा तीच, पण पीक पॉवर १०० किलोवॉटच्या बरीच वर. रामनचं जे मोकळं अंतर तुम्ही जपलं होतं ते इथे खर्ची पडतं. उपाय सीडकडेच आहे: डायोडचा करंट असा चढता द्या की पल्स हळू सुरू होऊन शेवटी उंच व्हावी. ॲम्प्लिफायर मग तिला सरळ करून देतो. यासाठी १ गिगाहर्ट्झ तरी वेगाचा फोटोडायोड आणि तसाच ऑसिलोस्कोप हवा. मंद उपकरणावर हा बिघाड दिसतच नाही.

आणि आता या लेखातला सर्वांत महत्त्वाचा इशारा. इटर्बियममध्ये ऊर्जा मिलिसेकंदाच्या आसपास साठून राहते. पंप चालू आणि सीड बंद अशी स्थिती काही मिलिसेकंदही राहिली, तर साठलेली सगळी ऊर्जा एखाद्या बारीकशा परावर्तनावर एका राक्षसी पल्समध्ये सुटते. फायबरचं तोंड, आयसोलेटर, आधीचा टप्पा, काहीही जाऊ शकतं. म्हणून सीडवर एक नजर ठेवणारा फोटोडायोड लावा, आणि पल्स चुकली की पंप तत्काळ तोडणारं सर्किट पहिल्या दिवसापासून जोडा. हे काम सॉफ्टवेअरवर सोपवू नका. पल्सची गती खाली आणतानाही हीच काळजी: सेकंदाला काही हजारांच्या खाली गेलात की दोन पल्समधल्या वेळेत ऊर्जा एएसई (फायबरमध्ये आपोआप निघून वाढणारा नको असलेला प्रकाश) बनून वाया जाते, आणि पंपही पल्समध्ये चालवावा लागतो.

६. फायबरचं तोंड: एंडकॅप

काचेच्या आतल्या भागाची सहनशक्ती प्रचंड आहे. स्मिथ आणि डो यांनी २००८ साली मोजलेला आकडा चौरस मायक्रॉनला सुमारे पावणेपाच किलोवॉट आहे. आपल्या फायबरच्या मध्यावर ४६० वॉट येतात, म्हणजे दसपट जागा आहे. पृष्ठभाग मात्र तसा नाही. क्लीव्हची (फायबर कापलेल्या तोंडाची) बारीक चीर, धुळीचा कण, कोटिंग: सगळे घात तिथेच होतात.

म्हणून शेवटी कोअर नसलेल्या काचेचा तुकडा स्प्लाइस करायचा. त्यात बीम पसरतो आणि हवेत पडेपर्यंत गर्दी ओसरते. ३ मिलीमीटरची एंडकॅप लावली तर बीमची त्रिज्या १२ वरून ६१ मायक्रॉनवर जाते आणि क्षेत्रफळ सुमारे २७ पट होतं. मध्यावर चौरस सेंटिमीटरला २३० ज्यूल होते, ते साडेआठवर येतात. त्यासाठी ४०० मायक्रॉन व्यासाचा तुकडा घ्या, म्हणजे बीम कडेला घासणार नाही. पुढच्या तोंडाला ८ अंशांचा कोन द्या किंवा परावर्तनरोधक कोटिंग करून घ्या.

७. पंप क्लॅडिंग, उष्णता आणि आपला पावसाळा

दुहेरी क्लॅडिंगची कल्पना १९८८ साली स्निट्झर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडली: डायोडचा ओबडधोबड पंप रुंद क्लॅडिंगमधून जातो आणि वाटेत कोअरमध्ये शोषला जातो. क्लॅडिंग पूर्ण गोल असेल तर पंपाचे बरेच किरण जत्रेतल्या मौत का कुआँमधल्या मोटारसायकलसारखे कडेकडेनेच फिरत राहतात, मध्यावरच्या कोअरला कधी भेटतच नाहीत. म्हणून अष्टकोनी क्लॅडिंग असतं. डेटाशीटवर ते तपासा. शोषण कमी दिसलं की पहिला संशय डायोडच्या तरंगलांबीवर घ्या, दुसरा या आकारावर.

२५ वॉटच्या यंत्रात फायबरची उष्णता फार नाही, पण उरलेला पंप स्प्लाइसच्या वेष्टनात शिरला की वेष्टन जळतं. शेवटी क्लॅडिंगमधला प्रकाश काढून टाकणारा स्ट्रिपर हवा, आणि तो थंड पट्टीवर बसलेला हवा.

मुंबई, ठाणे, कोकण किंवा गोव्यात काम करणाऱ्यांनी एक गोष्ट भिंतीवर लिहून ठेवावी. जुलैत तिथल्या हवेचा दवबिंदू २५ अंशांच्या आसपास असतो. चिलर २० अंशांवर लावला आणि रात्री एसी बंद झाला, तर डायोडच्या पट्टीवर पाणी साचतं. सकाळी कुणी थेट करंट दिला की डायोड गेला. लॅबमध्ये आर्द्रतामापक ठेवा आणि चिलरचं तापमान दवबिंदूच्या वर ठेवा.

८. गुंडाळी आणि स्प्लाइस

३०/२५० साठी गुंडाळीचा व्यास साधारण ८ ते १२ सेंटिमीटर असतो. मोठ्यापासून सुरुवात करा आणि बीम प्रोफायलरकडे (बीमचा आकार दाखवणाऱ्या कॅमेऱ्याकडे) बघत हळूहळू लहान करा. पॉवर पडायला लागली की थोडं मागे या. वळणावर मोड दबून त्याचं क्षेत्रफळही थोडं घटतं, त्यामुळे गरजेपेक्षा घट्ट गुंडाळू नका.

स्प्लाइसरच्या पडद्यावरच्या तोट्याच्या आकड्यावर विसंबू नका. तोटा कमी आणि तरीही वरचे मोड जागे, असं सर्रास होतं. ओळखायची रीत: कमी पॉवरवर बीम प्रोफायलर लावून स्प्लाइसनंतरचा फायबर पेन्सिलच्या टोकाने हलकेच ढोसा. ठिपका जागच्या जागी राहिला तर स्प्लाइस चांगला. तो डावीउजवीकडे डुलला तर कापा आणि पुन्हा करा. १० मायक्रॉनवरून ३० वर जाताना मध्ये मोड जुळवणारा तुकडा लागतो, थेट स्प्लाइस करू नका.

टेलिकॉमचा साधा स्प्लाइसर १२५ मायक्रॉनसाठी असतो. २५० आणि ४०० साठी मोठ्या व्यासाचा स्प्लाइसर आणि क्लीव्हर लागतो. तो नसेल तर ज्या संस्थेत आहे तिथे वेळ मागा. इंदूरच्या आरआरकॅट या सरकारी संशोधन केंद्रात फायबर लेसरवर आणि कोलकात्याच्या सीजीसीआरआय या काच-सिरॅमिक संशोधन संस्थेत डोप केलेले फायबर बनवण्यावर बरीच वर्षं काम चालू आहे.

९. ऑर्डर देण्याआधी आणि सुरू करण्याआधी

कागदपत्रं:
- फायबरची डेटाशीट आणि तुम्हाला मिळणाऱ्या त्याच रिळाचा चाचणी अहवाल. ९१५ आणि ९७६ चं शोषण, कोअरचा एनए, क्लॅडिंगचा एनए (सहसा ०.४६) त्यात असावेत.
- फोटोडार्कनिंगबद्दल लेखी उत्तर. काचेत फॉस्फरस किंवा सिरियम असेल तर फायबर कालांतराने काळवंडण्याचा धोका कमी.
- परदेशी पुरवठादार मागतात ते अंतिम वापराचं हमीपत्र. सही मिळायला वेळ लागतो, आधीच फाइल हलवा.
- लेसर वर्ग ४ चा (सर्वांत धोकादायक वर्गाचा) सुरक्षा आराखडा.

साधनं: थर्मल पॉवर मीटर, स्पेक्ट्रम ॲनलायझर, वेगवान फोटोडायोड, बीम प्रोफायलर, थर्मल कॅमेरा, ९०० नॅनोमीटरपासून रामनच्या १११६ च्या पलीकडेपर्यंत अडवणारे गॉगल, आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि तंतू न सोडणारे पुसणे.

डोप केलेल्या फायबरसोबत त्याला जुळणारा साधा फायबर त्याच ऑर्डरमध्ये मागवा. कंबायनर, मोड जुळवणी, सगळं त्यावरच होतं, आणि तो नंतर मागवला की काही महिने नुसती वाट बघण्यात जातात.

सुरू करताना क्रम असा: सीड, मग आधीचे टप्पे, प्रत्येकानंतर स्पेक्ट्रम, मग शेवटचा पंप थोडा थोडा. दर पायरीला स्पेक्ट्रम लॉग मोजपट्टीवर बघा. १११६ जवळ उंचवटा उगवला की तो मुख्य रेषेच्या ३० डीबी खाली असतानाच थांबा आणि कारण शोधा. पॉवर मीटरच्या आकड्याला पल्सच्या संख्येने भागून ऊर्जा काढाल तर एएसईही त्यात मोजली जाते. स्पेक्ट्रमवरून तिचा वाटा वजा करा, मगच अहवालात आकडा लिहा.

१०. ३० मायक्रॉन पुरत नसेल तर

काही मिलीज्यूल किंवा मेगावॉट हवे असतील तर साधा फायबर सोडावा लागतो. हवेच्या बारीक छिद्रांचा फोटोनिक क्रिस्टल फायबर (४० मायक्रॉन कोअर, २०० मायक्रॉन क्लॅडिंग हा प्रसिद्ध नमुना), कोअरभोवती मळसूत्री उपकोअर असलेला फायबर, एका टोकाला जाड होत जाणारा टेपर, आणि सर्वांत मोठा म्हणजे रॉड: ८५ मायक्रॉनचा कोअर, लांबी मीटरपेक्षा कमी, बाहेरून मिलीमीटरभर जाड. रॉड वाकत नाही, म्हणून टेबलावर सरळ जागा आणि मोकळ्या हवेतली जुळवणी लागते. माझं मत स्पष्ट आहे: पहिलं यंत्र रॉडवर बांधू नका. स्प्लाइसने जोडलेल्या ३०/२५० वर हात बसल्यावर रॉडकडे जा.

कोअर कितीही मोठा केला तरी दोन भिंती राहतात. काचेत बीम आपोआप एकवटण्याची मर्यादा सुमारे ४ मेगावॉट आहे आणि ती कोअरच्या आकाराने बदलत नाही. तिच्या पलीकडे जायला पल्स वेळेत ताणून, वाढवून, परत आवळावी लागते. स्ट्रिकलंड आणि मुरू यांनी १९८५ साली ही पद्धत दाखवली तेव्हा पल्स ताणायला १.४ किलोमीटर फायबरच वापरला होता. २०१८ च्या भौतिकशास्त्राच्या नोबेलमधला अर्धा वाटा त्याचाच. जर्मनीतल्या येनाच्या संशोधक गटाने २०११ साली मोठ्या कोअरच्या फायबरमधून याच रीतीने २.२ मिलीज्यूल आणि ३.८ गिगावॉट मिळवले. दुसरी भिंत सरासरी पॉवरची: काही शे वॉटवर रॉडमधला बीम उष्णतेने मिलिसेकंदांच्या वेगाने थरथरू लागतो आणि मोड एकमेकांत सांडतात. हा परिणाम २०१० च्या आसपास लक्षात आला. तुमची मागणी शेकडो वॉट आणि मिलीज्यूल अशी दोन्हीकडे असेल, तर एका रॉडकडून ती पुरी करून घेण्याऐवजी दोन ॲम्प्लिफायरचे बीम एकत्र करण्याचा पर्याय सुरुवातीलाच हिशोबात धरा.